मीटरवर दोनशे चौदा मैल

सोमवार, १२ सप्टेंबर १९८३

गाडी विकायची ठरली. अखेर!

बातमी माझ्याच टेबलावर आली, हा त्यातला सगळ्यात गोड भाग. सकाळी दहाच्या सुमारास आमच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात टेलिप्रिंटर खडखडला – कंपनी पुढच्या वर्षापासून उघड्या टपाची गाडी पुन्हा काढणार. पुन्हा! सात वर्षांपूर्वी हीच मंडळी गळा काढून सांगत होती की ही शेवटची, यापुढे अमेरिकेत असली गाडी होणे नाही. आणि देशभरचे शहाणे पुरुष रांगा लावून ती 'शेवटची' घरी घेऊन गेले, चादरीत गुंडाळली आणि खुडूक कोंबडीसारखे तिच्यावर बसले. अंडं सोन्याचं कधी होतं याची वाट बघत! शेजारच्या गावातल्या एका दातांच्या डॉक्टरने तर भिंत पाडून ती दिवाणखान्यात आणून ठेवली. आमच्या वॉलनट फोर्ड गावातला असा शहाणा एकच. माझा नवरा.

कागद टराटर फाडून घेतला आणि दुपारी घरी आणला. वेन्डलने उभ्यानेच वाचला.

"त्यांनी शब्द दिला होता," म्हणाला.

"कंपनीने दिला होता, वेन्डल. बायबलातल्या मोझेसने नाही."

"लेखी दिला होता."

"जाहिरातीत. जाहिराती मी छापते. मला विचारायचंस."

तो गॅरेजात गेला. आईने आमच्या लग्नात दिलेल्या फ्लॅनेलच्या दोन चादरी आहेत, त्या गाडीवर असतात. मी आणि तो थंडीत घोंगडीखाली कुडकुडतो, गाडीला फ्लॅनेल. गाडी एकोणीस फूट लांब, गॅरेज सोळा. मग मागची भिंत तीन-चार फूट सरकवली आणि तिथलं माझं लायलॅकचं झाड गेलं. बावीस वर्षांचं.

सात वर्षांत या माणसाने मला तिच्यात एकदाही फिरवलेलं नाही. डेट्रॉइटहून एकट्याने चालवत आणली – दोनशे चौदा मैल – ती उभी केली ती केलीच. "प्रत्येक मैलाला किंमत उतरते, इमोजीन." बायकोची किंमत कशाने उतरते, ते मी कधी विचारलं नाही.

मंगळवार, १३ सप्टेंबर

जाहिरात मीच लिहायची. कोण लिहिणार? छत्तीस वर्षं निधनवार्ता आणि छोट्या जाहिराती याच बाईने पाहिल्यात. दोन्हींत फारसा फरक नाही. दोन्हींत सगळे सज्जन असतात आणि कोणाचं कधी काही बिघडलेलं नसतं.

वेन्डल बाजूला उभा राहून सांगत होता. साईच्या रंगाची. आत गडद लाल चामडं. टप बटण दाबलं की आपोआप मिटतो. एकच मालक. पावसाचा थेंब न लागलेली.

मी लिहिलं – 'फक्त २१४ मैल चाललेली.'

"चाललेली नको," म्हणाला. "मीटरवर २१४, असं लिही. दिसतं तेवढंच लिहावं."

एकतीस वर्षं जिल्ह्याची वजनमापं तपासली ना! खाटकाचा तराजू, पेट्रोलचे पंप, कोळशाचा काटा. आता बायकोची क्रियापदंही तपासतो. मी निमूटपणे खोडलं. मला काय, बरंच झालं.

का बरं झालं ते उद्या लिहीन. की लिहूच नये?

बुधवार, १४ सप्टेंबर

लिहितेच. हे पान मग फाडता येईल.

मीटर खोटा आहे. खोटा मी केलाय.

माझ्या वडिलांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. दहाव्या वर्षी मी इंजिनाखाली सरपटत होते. चाकांच्या फेऱ्या मीटरपर्यंत नेणारी एक केबल असते. या गाडीत ती बॉनेट उघडलं की हाताशी येते. रुमाल धरून दोन बोटांनी चकती फिरवायची, केबल मोकळी. मग गाडी कॅलिफोर्नियापर्यंत न्या, मीटर झोपलेला! परत आल्यावर चकती घट्ट करायची, धूळ पुसायची, चादरी होत्या तशा घालायच्या. डाव्या चादरीची घडी वेन्डल आत घालतो, उजवीची बाहेर. तीही तशीच.

बुधवारी तो जिल्ह्याच्या उत्तरेला पंप तपासायला जायचा, संध्याकाळी सहाच्या आत परत नाही. आमचा अंक साडेअकराला छपाईला जातो. एक वाजता मी मोकळी. घर गावाच्या कडेला, गॅरेजचं दार मागच्या बोळात, बोळ संपला की मका. डोक्याला रुमाल, काळा चष्मा, टप खाली. नदीकाठच्या रस्त्याने ऐंशी मैल जाऊन-येऊन. पेट्रोल नेहमी जिल्ह्याबाहेर भरायचं, कारण जिल्ह्यातला प्रत्येक पंपवाला "प्रुइटसाहेबांच्या बाईं"ना ओळखतो. पलीकडच्या गावात एका खानावळीत रुबार्बचं आंबटगोड सारण भरलेला 'पाय' खायचा. तिथे मला विधवा समजतात. मी दुरुस्त केलं नाही.

पाच उन्हाळे. फार नाही – दोनेक हजार मैल झाले असतील.

पश्चात्ताप? छे! ती गाडी माझ्या लायलॅकवर उभी आहे.

पण एप्रिलमध्ये वेन्डल निवृत्त झाला आणि बुधवार संपले. आज बुधवार. ऊन लख्ख. तो गॅरेजात चाकांच्या तबकड्या पुसतोय.

शनिवार, १७ सप्टेंबर

ऑफिसातून तीनला आले तर दारात गिऱ्हाईक. बायको च्युइंगगम चघळतेय, नवरा सीटला नाक लावून हुंगतोय.

"नव्याचा वास आहे अजून!" नवरा.

"बसून बघू का?" बायको.

"बसायचं नाही!" माझा नवरा. हातांत पांढरे हातमोजे. पाहुण्यांनाही दिले होते.

"मग विकताय काय, फोटो?" बाई म्हणाली. मला ती एकदम आवडली. पण त्यांच्याकडे पैसे नव्हते, नुसता वास घ्यायला आले होते. दोन तास!

वेन्डल रात्रीच्या जेवणाला म्हणाला, "माणसांना वस्तूची कदर नाही."

मी खिम्याचा मीट लोफ वाढला. जास्तीचा केचप घेतला त्याने. कदर!

बुधवार, २१ सप्टेंबर

पाऊस. बरं झालं.

शुक्रवार, २३ सप्टेंबर

खरं गिऱ्हाईक. सिनसिनाटीचे मिस्टर क्रोल. गाद्यांचा कारखाना, बोटात अंगठी, पोट आधी आत येतं. यांच्याकडे अशाच अकरा 'शेवटच्या' गाड्या आहेत. एका गोदामात, बाराही महिने एकाच तापमानात.

"त्यांतली चालवता कोणती?" मी विचारलं.

माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारलं, मुलांपैकी खाता कोणाला.

"बाई, चालवणं म्हणजे गाडीचं आयुष्य खाणं."

"मग झोपणं म्हणजे गादीचं."

हसले नाहीत. गाद्या विकणाऱ्याला गाद्यांवरचा विनोद चालत नाही. आता सगळे भाव पडल्यावर हे महाशय घाबरलेल्यांच्या गाड्या उचलत फिरतायत. वीस वर्षांनी सोनं होईल म्हणे. कंपनीने एकदा फसवलं, तरी कोंबडी बसलेलीच!

पण भाव चांगला सांगितला. वेन्डलला वाटत होतं त्याहून बराच वर. आणि मग क्रोल म्हणाले –

"मैलांचं काय, प्रुइट? दोनशे चौदा नक्की ना?"

"मीटरवर तेवढेच आहेत."

"तुम्ही मापांचे निरीक्षक होतात, असं कळलं. मला दुसरा पुरावा नको. माझा माणूस गुरुवारी येऊन नजर टाकेल, सोमवारी कोर्टात नोटरीसमोर सही करू. राज्याचा कागद असतो – मीटरचा आकडा खरा आहे, अशी शपथ. तुमच्यासारख्याने शपथ घेतली की संपलं."

वेन्डल म्हणाला, "शपथ."

नुसतं तेवढंच. मला वाटलं, अभिमान बोलतोय. या माणसाला स्वतःच्या प्रामाणिकपणाचं असं कौतुक आहे की तो शब्द ऐकूनच पाणी येतं डोळ्यात!

हसले मनात. मग हसू थांबलं. खोटी शपथ हा गुन्हा आहे. आणि ती घेणार तो. त्याला माहीत नाही, मला आहे.

रविवार, २५ सप्टेंबर

चर्चनंतर तळघरात सगळ्यांचं जेवण. आर्डिस – आमची शेजारीण – हिरव्या शेंगांचं पातेलं घेऊन अंगावरच आली.

"काय वेन्डल, विकतोस म्हणे नवरी! सात वर्षं घुंगट काढला नाहीस तिचा."

"चांगलं घर मिळतंय तिला," वेन्डल.

"अरे, पण जाण्याआधी एकदा इमोजीनला तरी फिरव. लोकं म्हणतील, कसला नवरा!"

"लोकं कधीचीच म्हणतात," मी म्हटलं. सगळे हसले. वेन्डलचे कान लाल झाले. तो बटाटे वाढून घेत राहिला.

दुपारी ठरवलं, सांगून टाकावं. गॅरेजात गेले. तो स्टुलावर बसून बाजूचा आरसा पुसत होता. मी तोंड उघडलं आणि त्याने खाटकाची गोष्ट सुरू केली. गेपहार्ट खाटीक, बोट टेकवून काटा मारायचा. एकोणीसशे अठ्ठावन्न साल. मी ही गोष्ट दोनशे वेळा ऐकली आहे. एक औंस म्हणजे एक औंस, मापात पाप नको, दुकानाला कुलूप, इति.

पण आज शेपूट नवं होतं. "त्याने स्वतःहून सांगितलं असतं ना, इमोजीन, तर मी समज देऊन सोडलं असतं. मी दारात दहा मिनिटं उभा राहिलो होतो. मुद्दाम. तो सांगेल म्हणून."

हे मला उद्देशून?

नीट निरखून पाहिलं. आरसाच पुसतोय. छे! या माणसाला आडून बोलता येत नाही. सरळ बोललेलंही निम्मं कळत नाही.

सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवलं.

मंगळवार, २७ सप्टेंबर

टपालाने राज्याचा कागद आला. एक पान. मीटरचा आकडा, तारीख, खाली दोन चौकटी. पहिली – वरील आकडा खरा आहे. दुसरी – वरील आकडा खरा नाही. त्याखाली दंड आणि तुरुंगाचं कलम, अगदी बारीक टायपात. बारीक टाइप मला लगेच वाचता येतो. पोटापाण्याचा धंदा आहे.

वेन्डलने चष्मा पुसला. वाचला. परत पुसला. म्हणाला, "सही तू करशील का? गाडी दोघांच्या नावावर आहे."

सात वर्षं गाडी त्याची! बसायची नाही, हात लावायचा नाही, दार जोरात लावायचं नाही. आणि सहीची वेळ आली तेव्हा दोघांची!

"तुझी शपथ त्यांना हवी आहे," मी म्हटलं. "निरीक्षकाची. माझी कोण घेतंय? मी तर वर्तमानपत्रवाली."

कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. जेवला नाही नीट. भाव आणखी वाढवून मागायचा विचार चालू असणार. चेहऱ्यावर तसंच काहीतरी होतं, चिकट.

नंतर विचार केला – मीच सही करते म्हटलं असतं तर? दोन हजार मैलांचं खोटं माझ्या नावावर गेलं असतं, त्याच्या नाही. त्याने स्वतः ताट पुढे केलं होतं, आणि मी टोमणा मारण्याच्या नादात ढकललं. छत्तीस वर्षं बारीक टाइप वाचते, अक्कल मात्र जाड.

गुरुवार, २९ सप्टेंबर

क्रोलचा माणूस आला. लॉनी बेक. सत्तरीचा, हडकुळा, नखांत ग्रीस. वेन्डलने त्यालाही पांढरे मोजे पुढे केले.

"मला नकोत, साहेब," लॉनी म्हणाला. "हाताला कळतं ते मोज्याला कळत नाही."

पाठीवर झोपून आत गेला. विजेरी घेऊन अर्धा तास. वेन्डल बाहेर येरझाऱ्या घालत होता, मधेच अंगणात जाऊन उभा राहिला, मधेच नळ सोडून हात धुतले. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा लॉनी ब्रेकच्या पॅडलचं रबर अंगठ्याने दाबून बघत होता.

"बाई," हळू आवाजात म्हणाला, "ही गाडी चाललेली आहे. बरीच."

मी कॉफीचा कप पुढे केला.

"रबर सांगतं. ब्रेक सांगतात. मीटरला काय, गप्प करता येतं."

"तुम्ही क्रोलना सांगणार?"

"त्यांनी मला विचारलंय, गंज आहे का. गंज नाही. चकाकते का. चकाकते. मैल विचारले नाहीत. त्यांना तुमच्या साहेबांची शपथ पुरे." कप रिकामा करून माझ्या हातात दिला. "एक सांगू? त्यांच्या त्या अकरा गाड्यांची ऑइलची सीलं वाळून फुटलीत. हिची शाबूत. ज्याने कोणी चालवली, त्याने भलं केलं हिचं."

वेन्डल आत आला. "काय म्हणता?"

"जपलीय, साहेब," लॉनी म्हणाला. "मनापासून जपलीय."

आणि वेन्डलने मान खाली घातली! स्तुती ऐकून लाजला. देवा! काय माणूस आहे!

शुक्रवार, ३० सप्टेंबर

वेन्डलला सांगायला स्वतःला मुदत दिली होती – आज सकाळी साडेअकरा, फोनवरून का होईना. अकरा वाजून वीस मिनिटांनी एका माजी पोस्टमास्तरांचा मृत्यू आला. त्यात बारा वाजले.

खोटं कशाला लिहू? पोस्टमास्तर चार ओळींचे होते. छत्तीस वर्षांत पहिली मुदत चुकली ती मी चुकवली.

रविवार, २ ऑक्टोबर

आज गाडीला शेवटचं पॉलिश. दार उघडं होतं. मी उंबऱ्यात उभी.

वेन्डल म्हणाला, "इमोजीन, मी गेल्यावर निधनवार्ता तूच लिहिशील ना?"

"मुदतीत गेलास तर."

"काय लिहिशील?"

थट्टेने म्हणणार होते, 'दोनशे चौदा मैल चाललेला, एकच मालकीण.' तोंडात आलं होतं. पण त्याचा चेहरा बघून म्हटलं, "एकतीस वर्षं जिल्ह्याचा काटा सरळ ठेवला, असं लिहीन."

त्याने कापडाची घडी घातली. मग म्हणाला, "कच्चा मजकूर ठेव तो. छापू नकोस लगेच."

या माणसाची थट्टा करून करून माझी जीभ झिजली. दाराच्या वर त्याचा जुना शिक्का टांगलेला आहे, पंपांवर मारायचा तो. एकतीस वर्षांत एक माणूस त्याच्याकडे बोट दाखवू शकला नाही. आणि उद्या त्याचा हात वर असेल आणि खोटं माझं असेल.

नाही. उद्या कोर्टात, पेन उचलण्याआधी, सगळ्यांसमोर सांगणार. क्रोलसमोर, नोटरीसमोर. मग तो माझ्याशी बोलला नाही तरी चालेल. तसाही फार बोलत नाही.

सोमवार, ३ ऑक्टोबर

नोटरीबाईंनी हात वर करायला सांगितलं. मी तोंड उघडलं, एवढ्यात वेन्डलने हात वर न करता पेन उचललं आणि दुसऱ्या चौकटीत खूण केली. वरील आकडा खरा नाही. क्रोलनी कागद वाचला, टोपी घातली आणि निघून गेले.

बाहेर पायऱ्यांवर आलो. विचारलं, "कधी कळलं तुला? माझ्या बुधवारांचं?"

वेन्डल वळला.

"तुझे कसले बुधवार?" म्हणाला. "तू ऑफिसात असायचीस ते शनिवार, केबल काढून... मी तर माझ्या शनिवारांसाठी खूण केली!"